आपल्या बायकांना कोणीं विचारलें?

(ठाकुर्ली येथें शेतकरी व कारागीर स्त्रीपुरुषांच्या सभेंत झालेलें भाषण)



आजचा विषय ऐकून पुष्कळांनीं माना खालीं घातल्या आहेत. बायकांच्या पाळीविषयीं चारचौघांत बोलायचें, तेंही पुरुष बसलेले असतांना, असें कोणाच्या मनांत येत असेल तर त्यांनीं थोडा धीर धरावा. जिच्यावांचून येथें बसलेल्यांपैकीं एकही जन्माला आला नसता, तिनें आपलें असें काय घोडें मारलें आहे, कीं तिचें नांवही घेऊं नये? शिवाय माझें बोलणें धर्माविषयीं थोडें आणि हिशेबाविषयीं फार आहे. शेतकऱ्याला व सुताराला हिशेब लवकर कळतो, म्हणून तो तुमच्यापुढें मांडतें.

हल्लीं पाळीच्या दुखण्यांचा शोध मोबाइलवरून चालतो. विद्यापीठांतली किंवा इस्पितळांतली शिकलेली माणसें एक फॉर्म तयार करतात, त्याची लिंक व्हॉट्सॲपवर सोडतात, आणि ज्या बायका ती उघडून उत्तरें भरतात त्यांच्या उत्तरांवरून अनुमान बांधतात. पाळी किती दिवसांनीं येते, रक्त किती जातें, कोणतें दुखणें अंगावर काढण्यासारखें व कोणतें औषधाचें, हें त्यावरून ठरत जातें. हा उद्योग वाईट आहे असें मी मुळींच म्हणत नाहीं. २०२१ सालीं कोरोनाची लस टोंचली जात होती, तेव्हां अनेक देशांतल्या बायका म्हणूं लागल्या कीं लसीनंतर पाळीचें वेळापत्रक बिघडलें, रक्त जास्त जातें. लसीची परीक्षा घेणाऱ्यांनीं पाळीचा प्रश्न नीट विचारलाच नव्हता. तेव्हां अमेरिकेंतील कॅथरिन ली व केट क्लॅन्सी ह्या दोन विदुषींनीं मोबाइल-संगणकावरून प्रश्नपत्रिका फिरवली. ३९ हजारांवर उत्तरांचा हिशेब २०२२ सालीं छापून आला. ज्यांची पाळी नियमित होती, त्यांतल्या शंभरांतील ४२ जणींनीं रक्त जास्त गेल्याचें सांगितलें. बायका उगाच कुरकुरत नव्हत्या, एवढें तरी त्यानें जगापुढें आलें. मात्र उत्तरें देणाऱ्या बहुतेक गोऱ्या होत्या, आणि ह्या आंकड्यावरून सगळ्या जगांतल्या बायकांचें प्रमाण काढूं नका, असें त्या विदुषींनींच बजावलें होतें. प्रामाणिक माणूस असेंच बोलतो.

त्याआधीं २०१९ सालीं नॅचरल सायकल्स ह्या मोबाइल ॲपांत नोंदलेल्या ६ लाख १२ हजार पाळ्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. सरासरी फेरा २९.३ दिवसांचा निघाला. अठ्ठावीस दिवसांचा जो ठोकळा सर्वत्र सांगितला जातो, तो त्यानें ढिला झाला. आंकडा केवढा थोरला! पण हें ॲप फुकट मिळत नाहीं. वर्गणी भरावी लागते आणि रोज सकाळीं उठल्याबरोबर अंगांतला ताप मोजून लिहावा लागतो. पहाटे नळाला पाणी आलें म्हणून हंडा घेऊन धांवणारी बाई त्या सहा लाखांत असेल काय?

शितावरून भाताची परीक्षा, असें आपण म्हणतों. पण ही म्हण एकदां रांधणारीला विचारा. ती सांगेल, शीत कोठून काढलें त्यावर सारें आहे. तळाशीं भात करपला असेल आणि तुम्ही वरचेंच शीत चेपून पाहत असाल, तर एक शीत पाहा नाहीं तर सहा लाख पाहा, तळचा करपा कळायचा नाहीं. व्यापारी पोत्यांत सळई खुपसून मधले दाणे काढतो तो उगाच नव्हे. मग दाण्याला जी अक्कल लावतां ती बाईला कां लावूं नये?

आतां ह्या आपल्या ठाकुर्लीचेंच पाहा. चोळेगांवचीं मूळचीं आगरी घरें येथें आहेत. रेल्वेच्या आणि वीजघराच्या कामावर आलेल्यांचीं कुटुंबें आहेत. वीजघर केव्हांच बंद पडलें, माणसें राहिलीं. डोंबिवलीच्या कारखान्यांत जाणाऱ्या, इमारतींतून धुणींभांडीं करणाऱ्या, टोपली घेऊन मासळी विकणाऱ्या बायका आहेत. थोडें आंत गेलें कीं कातकरी व ठाकूर लोकांच्या वाड्या आहेत. ह्या सर्वजणींची पाळी सारखीच असते असें कोण म्हणेल? आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलांत वांकून दिवस काढणारीचें ओलें फडकें मांड्यांना घासतें, सोलवटतें, तें सुकवायला पावसांत ऊन नसतें. इमारतींत काम करणारीला दोन मजल्यांच्या मध्यें संडास कोणता वापरायचा हाच प्रश्न असतो. शोध करणाऱ्याच्या फॉर्मांत चिखलही नसतो आणि जिनाही नसतो.

कां नसतो? कारण फॉर्म ज्यांच्या हातीं पोंचतो, त्यांच्याच अडचणी त्यांत परत येतात. सरकारनें २०१९ ते २०२१ ह्या काळांत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी केली. ती मोबाइलवरून नव्हे, घरोघर जाऊन केली. ७ लाख २४ हजारांवर बायकांना विचारलें. त्यांत दिसलें कीं कधीं तरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशांत शंभरांत ३३, आणि पुरुष ५७. खेड्यांत तर बायका शंभरांत २५ सुद्धां भरल्या नाहींत. स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या शंभरांत ५४. तेव्हांपासून मोबाइल वाढले असतील. पण घरांत मोबाइल असणें आणि तो बाईच्या हातांत असणें ह्यांत किती अंतर आहे तें तुम्ही जाणतां. दिवसा तो धन्याच्या खिशांत, रात्रीं पोराच्या अभ्यासाला. अशा मोबाइलवर ‘तुम्हांला गांठी पडतात काय, अंगावरून पांढरें जातें काय’ असा प्रश्न आला, तर तो उघडणार कोण? सासरा?

ही गोष्ट आजचीच नाहीं. आपल्या शेजारच्या कल्याणांत १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेंत जाऊन १८८६ सालीं डॉक्टर झाल्या. त्या काळीं समुद्र ओलांडणें म्हणजे काय धैर्य लागलें असेल! त्याविषयीं मला आदरच आहे. पण त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र’. आवणी करतां करतां बांधावर बाळंत होणारी आगरीण, डोंगरांतली ठाकरीण ह्या नांवांत कोठें बसते तें मला अजून उमगलेलें नाहीं. सुतार समाजांतल्या रखमाबाई पुढें १८९४ सालीं विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या व सुरत-राजकोटकडे त्यांनीं जन्मभर बायकांवर उपचार केले. त्यांचें नांव आपल्या किती सुतारघरांत ठाऊक आहे?

फॉर्मांतले प्रश्न कसे असतात तेंही सांगतें. रक्त किती गेलें हें मोजण्याकरितां डॉक्टर लोक एक चित्रांचा तक्ता वापरतात. तो १९९० सालीं विलायतेंत निघाला. पॅड किती भिजलें त्याचीं चित्रें त्यांत असतात. प्रत्येकाला गुण दिलेले असतात, त्यांची बेरीज करायची. तक्ता उपयोगी आहे. पण जुन्या लुगड्याचें फडकें घेणारी बाई त्यांत काय भरणार? ‘दिवसांत किती पॅड लागतात’ ह्या प्रश्नाला ती खरें उत्तर देईल, ‘एकही नाहीं.’ आणि यंत्र समजेल कीं बाईला रक्तच जात नाहीं! इकडे त्याच सरकारी पाहणींत देशांतल्या शंभरांत ५७ बायकांचें रक्त कमी निघालें. ह्यांत किती रक्त पाळीनें नेलें आणि किती उपाशीपणानें, हें फडक्याचें माप नसेल तर कळायचें कसें?

त्या सरकारी पाहणीलाही मी सोडणार नाहीं. पाळीच्या वेळीं काय वापरतां हा प्रश्न त्यांनीं पंधरा ते चोवीस वर्षांच्या मुलींनाच विचारला. शंभरांत ७७ जणी स्वच्छ साधन वापरतात असें उत्तर आलें, आणि त्याचा डांगोरा सर्वत्र पिटला गेला. चोवीस वर्षांनंतर पाळी थांबते कीं काय? मुलीला पॅड देऊन स्वतः फडक्यावर भागवणारी आई त्या सत्याहत्तरांत कोठेंच नाहीं.

आतां सर्वांत जड गोष्ट. बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं लाखों माणसें ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधींच घेतलेली. एक खाडा झाला कीं दंड. पाळीच्या दिवसांतही मोळी डोकीवर घ्यावी लागते, पाणी नाहीं, आडोसा नाहीं. २०१९ सालीं वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला कीं ह्या बायकांचे गर्भाशय भराभर काढले जात आहेत. मग सरकारनें नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, आणि त्यांतल्या १३ हजारांवर बायकांचा गर्भाशय काढलेला निघाला. म्हणजे सहांत एक. देशभरच्या सरकारी पाहणींत हें प्रमाण शंभरांत सुमारें तीन आहे. दोन्हीं पाहण्यांतले वयोगट तंतोतंत सारखे नाहींत, हें मी लपवीत नाहीं. पण तीन आणि सोळा ह्यांतली दरी वयोगटानें बुजेल असें मला वाटत नाहीं.

ह्या तेरा हजार बायका मोबाइलच्या फॉर्मानें सांपडल्या असत्या काय, ह्याचा विचार करा. त्या फॉर्मांतला पहिला प्रश्न बहुधा असतो, ‘तुमची शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?’ जिचा गर्भाशयच काढला, तिला पाळी नाहीं. फॉर्म तिला नम्रपणें सांगतो, ‘आभारी आहों, हा शोध आपल्यासाठीं नाहीं.’ जिच्यावर पाळीनें सर्वांत मोठा घाव घातला, तीच पहिल्या पायरीवरून परत पाठवली जाते! शोध खोटा नसतो. त्याचें दारच अरुंद असतें.

दार रुंद केलें म्हणजे काय दिसतें, तें गडचिरोलींत दिसलें आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग ह्यांनीं वसा व अमिर्झा ह्या दोन गांवांत स्त्रियांची तपासणी केली व १९८९ सालीं तिचा वृत्तांत विलायतेच्या लॅन्सेट पत्रांत छापून आला. त्यांनीं इस्पितळांत बसून बायकांची वाट पाहिली नाहीं, गांवांत गेले. तक्रार आहे तिला पाहिलें, आणि तक्रार नाहीं म्हणणारीलाही पाहिलें. मर्म येथेंच आहे. ६५० बायका तपासल्या. तक्रार सांगणाऱ्या शंभरांत ५५ होत्या. पण रोग निघाला शंभरांत ९२ जणींना, आणि एकेका बाईमागें सरासरी साडेतीनांहून जास्त. ह्यापूर्वीं ह्या दुखण्यासाठीं तपासणी व औषधोपचार झालेल्या किती, तर शंभरांत ८! इस्पितळाच्या वहीवर भिस्त ठेवली असती, तर ह्या आठांवरूनच साऱ्या गांवाचें आरोग्य ठरलें असतें. बाकीच्या बाया गप्प होत्या, आणि गप्प बाई निरोगी धरली जाते.

त्या गप्प कां? येथें मला शास्त्री-भटजींकडे वळलें पाहिजे. वेदांत एक कथा आहे. इंद्रानें विश्वरूप नांवाच्या ब्राह्मणाला मारलें. ब्रह्महत्येचें पातक लागलें. तें त्यानें वांटून टाकलें, आणि त्याचा तिसरा हिस्सा बायकांच्या माथीं मारला, तोच म्हणे विटाळ. खून देवांच्या राजानें केला आणि शिक्षा दरमहा तुमच्या लेकीसुनांना! कोणत्या कोर्टांत असा न्याय चालेल? ह्याच विटाळाच्या दिवसांत शिवाशीव झाल्याचा दोष जावा म्हणून ऋषिपंचमीचें व्रत सांगितलें. त्या दिवशीं बैलाच्या कष्टाचें खायचें नाहीं. म्हणजे ज्या धान्यासाठीं कुणबी वर्षभर नांगर धरतो, तेंच त्या दिवशीं पवित्र बाईला चालत नाहीं! कुणब्याच्या बाईनें हें व्रत धरावें ह्याहून मोठी थट्टा ती कोणती? विटाळ हा देहांतच उपजतो, त्यावांचून देह नाहीं, अशा अर्थाचें संत सोयराबाईंनीं शतकांपूर्वीं सांगून ठेवलें. तें आपण टाळ कुटीत ऐकतों आणि घरीं येऊन सुनेला बाजूला बसवतों.

तसें पाहतां तीन दिवस बाजूला बसणें ही ज्यांच्या घरीं रांधायला दुसरी बाई आहे त्यांची सोय. कष्टकऱ्याच्या घरीं ती कधींच परवडली नाहीं. शेतांत पाळीची बाई चालते, मोळी वाहतांना चालते, फक्त देव्हाऱ्यापाशीं आणि लोणच्याच्या बरणीपाशीं चालत नाहीं. विश्रांति मिळाली नाहीं, लाज मात्र पुरी मिळाली. गडचिरोलीकडे माडिया बायकांना पाळींत गांवाबाहेरच्या कुर्माघरांत राहावें लागतें. तेथें साप-विंचवाचें भय आहे. तेव्हां हें केवळ भटाचेंच पाप असें म्हणून आपण हात झटकूं नयेत. ही लाज आपल्यांतही मुरली आहे, आणि तिच्यामुळें शोधवाली मुलगी दारांत आली तर आपण ‘आमच्याकडे तसलें कांहीं नाहीं’ म्हणून दार लोटतों.

दार लोटणाऱ्याचें म्हणणें कोणी मांडीत नाहीं, हें आपल्या चळवळीनें पूर्वींच ओळखलें होतें. ठाण्यांत जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचें नांव तुम्हांला सांगायला नको. १८८४ सालीं मुंबईंत फॅक्टरी कमिशन बसलें. गिरणीमालकांचें म्हणणें ऐकायला माणसें पुष्कळ होतीं. लोखंड्यांनीं परळला कामगारांची सभा भरवली आणि साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज कमिशनपुढें ठेवला. त्या अर्जांत आठवड्याची सुटी होती, दुपारचा अर्धा तास होता, महिन्याचा पगार वेळेवर हवा हें होतें. १८९० च्या एप्रिलांत दहा हजारांच्या सभेंत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, आणि त्याच वर्षीं जूनपासून साप्ताहिक सुटी मिळाली. मालकांना विचारून ती सुटी मिळाली असती काय?

म्हणून माझें सांगणें असें, कीं पाळीच्या शोधांत आपण शिरलें पाहिजे. पण मेंढरासारखें नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०१७ सालीं नियम छापले आहेत. त्यांप्रमाणें शोधांत घेण्यापूर्वीं बाईला तिच्या भाषेंत सारें समजावून तिची संमति घ्यावी लागते. तिला वाचतां येत नसेल तर तिसऱ्या, साक्षर साक्षीदारासमोर तिचा अंगठा. मधेंच ‘पुरे’ म्हणून ती उठूं शकते, आणि उठली म्हणून तिचा दवाखान्यांतला उपचार अडवतां येत नाहीं. अठरांच्या आंतल्या मुलीला आईबापांची संमति लागते, आणि मुलगी ‘नको’ म्हणाली तर त्याचाही मान ठेवावा लागतो. येण्याजाण्याचें भाडें आणि बुडालेली मजुरी भरून देण्याची मुभा त्यांत आहे. ती मागायला लाजूं नका. आपली माहिती कोठें जाईल तेंही विचारा. फ्लो नांवाच्या पाळीच्या ॲपनें माहिती गुप्त ठेवूं म्हणून सांगितलें आणि ती फेसबुक वगैरे कंपन्यांकडे पोंचवली, असा ठपका अमेरिकेच्या सरकारी व्यापार कमिशननें २०२१ सालीं ठेवला व कंपनीला समझोता करावा लागला. वापरणाऱ्या शिकल्यासवरल्या होत्या, तरी फसल्या. तेव्हां नांव, मोबाइल नंबर, ओटीपी मागणाऱ्या अनोळखी फॉर्माला उत्तर देऊं नका. फॉर्म कोणत्या संस्थेचा, नीतिसमितीची मंजुरी आहे काय, हें आधीं विचारा. खरा शोधवाला रागावणार नाहीं.

शोध करणाऱ्यांनाही दोन शब्द. ‘ह्या बायका उत्तरच देत नाहींत’ अशी तुमची तक्रार असते. तुम्ही दुपारीं बारा वाजतां येतां तेव्हां ती कामावर असते. लिंक पाठवतां तेव्हां मोबाइल धन्याकडे असतो. छापील मराठीत ‘रजःस्राव’ लिहितां, आणि आमची बाई म्हणते ‘अडचण’, ‘बाहेरची झालें’, ‘कावळा शिवला’. तारीख विचारतां, ती सांगते ‘पुनवेच्या आदल्या दिवशीं’, जें तारखेइतकेंच पक्कें असतें. प्रश्न लिहून पाठवण्याऐवजीं बोलून ऐकवा, म्हणजे निरक्षर बाईला आणि आंधळ्या मुलीलाही उत्तर देतां येईल. आशाताईला बरोबर घ्या, पण तिच्या फुकट कष्टावर आपला शोध उभा करूं नका. तिला त्याचा मोबदला द्या. आगरी, कातकरी, मुसलमान, बौद्ध, परप्रांतीय, ज्यांना पाळी येते पण जे स्वतःला बाई म्हणवीत नाहींत ते, प्रत्येकाकडे त्यांच्यांतलेंच माणूस दार उघडूं शकतें. आणि आंकडे घेऊन गेलांत तर निकाल सांगायला परत या. आमच्याकडे मापाडी धान्य मोजून नेतो तो पावती देतो.

आतां पुरुषांना सांगते. दादांनो, दिवसांतून अर्धा तास मोबाइल बायकोच्या हातीं द्या आणि त्या वेळांत तिच्या खांद्यावरून डोकावूं नका. ती काय लिहिते हें तुम्हांला ठाऊक असण्याची गरज नाहीं. तिच्या पोटांत दुखलें तर ‘बायकांचें असतेंच’ म्हणून विड्या ओढीत बसूं नका. आणि कोणी डॉक्टर तिशीच्या बाईला ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ म्हणाला, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्यावांचून सही करूं नका. बैल विकतांना तुम्ही तीन बाजार फिरतां.

येत्या रविवारीं दुपारीं चार वाजतां, कामावरच्या बायका परतल्यावर, ह्याच जागीं फक्त बायका बसणार आहेत. एक कोरी वही ठेवली आहे. पाळीला आपापल्या घरीं काय म्हणतात ते शब्द, कोणतें दुखणें कोणत्या कामाच्या दिवसांत वाढतें, फडकें कोठें धुतां, कोठें सुकवतां, आणि आपल्याला कोणी काय विचारावें असें वाटतें, हें सारें तींत लिहून काढायचें आहे. नांवें लिहायचीं नाहींत. लिहून घ्यायला दहावी झालेल्या दोन मुली तयार आहेत. जिला येतां येत नाहीं तिनें शेजारणीजवळ सांगून पाठवावें. त्या दोन तासांत मुलें पुरुषांनीं सांभाळायचीं आहेत. चहाही त्यांनींच करून पाठवावा.